भिंगऱ्या पडून जाऊ देत

हार्लन टोलेफसन रडला नाही, हे आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. बायकोला, लव्हॉनला, मातीत ठेवताना रडला नाही. नंतर चर्चच्या तळघरात हॅमचं सँडविच हातात धरून उभा होता, लोक येऊन त्याचा खांदा थोपटत होते, तेव्हाही नाही. सँडविच तसंच्या तसं घरी घेऊन आला. बायका म्हणाल्या, किती खंबीर माणूस! कसला खंबीर? मी शेजारी राहते, मला दिसत होतं. माणूस बधिर झाला होता. मोजे न घालता बर्फात गेलं की पायाची बोटं होतात तसा. दुखत नाही, पण आपली वाटतही नाहीत.

आणि खरं सांगू, मलाही काही वाटत नव्हतं. लव्हॉन माझी मैत्रीण. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा पहिली तीच आली, हातात र्‍हूबार्बच्या आंबटगोड देठांची पाई घेऊन, आणि ती टेबलावर ठेवता ठेवता म्हणाली, "पडदे उलटे लावलेत तू, इडेला." अशी बाई. ती गेली तेव्हा मी आपली भांडी घासत होते. फोन आला, ठेवला, उरलेली भांडी घासली.

हार्लनने सारा जन्म धान्याच्या कोठारावर काढला. शेतकरी मक्याचे ट्रक घेऊन यायचे, हा वजन बघायचा, मक्यात बोटं खुपसून ओल बघायचा. बोलायचा कमी. जे काय प्रेम बोलून दाखवायचं ते झाडांवर. आमच्या गल्लीत पूर्वी एल्मचे वृक्ष होते, दोन्ही बाजूंनी, कमान केल्यासारखे. रोग पडला आणि एकजात सगळे वाळले. गल्ली नुसती बोडकी झाली. उन्हाळ्यात ओसरीवर बसायची सोय राहिली नाही. तेव्हा हार्लन नदीकाठच्या दलदलीतून सिल्व्हर मेपलची रोपं उपटून आणायला लागला. कॉफीच्या डब्यात माती, मातीत रोप, आणि डबा ज्याच्या त्याच्या दारात. ज्याला हवं त्याने लावावं.

लव्हॉन म्हणाली, "ओक लाव की चांगला. हे नदीकाठचं रानटी झाड कशाला?"

"ओक मोठा होईतो आपण दोघं त्याच्याखाली पुरलेले असू," हार्लन म्हणाला.

"मग निदान घरापासून लांब लाव."

ते काही त्याने ऐकलं नाही. झोपायच्या खोलीवर सावली हवी म्हणून ओसरीला अगदी खेटून लावलं. आमच्याकडे पुरुषांना नको तिथे हट्ट सुचतो.

पण झाड वाढवावं तर हार्लननेच. पहिले उन्हाळे बादल्यांनी पाणी घातलं. बुंध्याभोवती लाकडाचा भुगा पसरायचा, पण सालीला चिकटू द्यायचा नाही. नाहीतर साल कुजते म्हणायचा. दोन शेंडे फुटले की एक खुडायचा, कारण दोन सारखे शेंडे वाढू दिले की मोठेपणी वाऱ्यात मधोमध फाटतं. माझ्या नवऱ्याला, मर्लला, त्याने हे दहादा सांगितलं असेल. मर्लने ऐकलं आणि सोडून दिलं. आमचं झाड एका वादळात उभं चिरलं आणि मर्लच्या पिकअपवर जाऊन बसलं. लव्हॉन कुंपणावरून म्हणाली, "बरं झालं, तो ट्रक तसाही कुरूप होता."

झाड वाढायचं ते डोळ्यांदेखत. गल्लीतली पोरं त्याच्याएवढी उंची गाठायला बघायची आणि हरायची. वारा सुटला की पानं उलटी व्हायची, खालची चंदेरी बाजू वर यायची, आणि लव्हॉन वाळत घातलेले कपडे काढायला धावायची. तिची कपड्यांची दोरी त्याच झाडाला बांधलेली. दोरीचा आकडा खोडाने केव्हाच गिळून टाकला होता, आता साल फुगून नुसतं भोक दिसायचं. हिवाळा सरता सरता हार्लन खोडाला गिरमिटाने भोक पाडून रसासाठी बादली लटकवायचा. साखरेचं मेपल ते वेगळं. याचा रस पातळ, उकळत बसलं की अख्खा दिवस जावा तेव्हा वाटीभर पाक. वाफेने लव्हॉनच्या स्वयंपाकघरातला भिंतीवरचा कागद सुटायचा. ती चिडायची आणि सगळ्यांत आधी पॅनकेकवर तोच पाक ओतून घ्यायची. यंदा रस धावायच्या दिवसांत ती इस्पितळात होती. गिरमिट भिंतीवर टांगलेलंच राहिलं.

झाडाचं वाटोळं आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. एका हिवाळ्यात पावसाचा बर्फ होऊन फांद्यांवर गोठला आणि गल्लीभर फांद्या कडाकड मोडल्या. याचं लाकूडच ठिसूळ. भरभर वाढलेलं ते, जळणाला बरं, भार पेलायला नाही. वसंतात एक ट्रकवाला आला आणि दारोदार विचारत सुटला, शेंडे छाटायचे का? आमच्याकडे याला झाडाचे केस कापणं म्हणतात. सगळ्यांनी कापून घेतले. हार्लनला मनातून पटत नव्हतं, पण लव्हॉनला छपराची धास्ती, आणि गल्लीत एकटंच झाड केसाळ कसं ठेवायचं? त्यानेही कापून घेतलं. मग थोटकांतून झाडूसारखे फुटवे आले, दिसायला भरगच्च, धरायला कच्चे. आणि थोटकांतून पाणी आत शिरलं. खोड वरून खाली पोकळ होत गेलं. खारींनी तिथे संसार मांडले.

हे सगळं मे महिन्यात ड्वेनने सांगितलं. ड्वेन झाडं कापतो, लहानपणी चर्चमध्ये लव्हॉनच्या रविवारच्या वर्गात बसलेला. त्याने खोडावर लाकडी हातोडा मारला, ठक् ठक् ठक्, आणि एका जागी ढब् वाजलं. मग टोपी काढली.

"मिस्टर टोलेफसन, आत काही राहिलेलं नाही. एक वादळ येऊ दे, निम्मं तुमच्या पलंगावर पडेल आणि निम्मं यांच्या स्वयंपाकघरावर."

यांच्या म्हणजे माझ्या.

मला वाटलं, आता हा भडकेल. मला ते हवंच होतं. लव्हॉन गेल्यापासून हा माणूस कशालाही "बरं" म्हणायचा. जेवायला ये, बरं. थंडी आहे, कोट घाल, बरं. त्याच्या मुलीने ॲरिझोनाहून फोन केला, बाबा, इकडे येऊन राहा, तर तिलाही "बरं" म्हणाला आणि गेला नाही. वाटलं, झाडासाठी तरी ओरडेल. त्याने हाताने वाढवलेलं, त्याच्या दारातलं.

"बरं," हार्लन म्हणाला. "कापा."

ड्वेनने टोपी परत डोक्यावर चढवली.

"उद्याच येतो," ड्वेन म्हणाला.

"उद्या नको. भिंगऱ्या पडून जाऊ देत."

भिंगऱ्या म्हणजे मेपलच्या बिया. दोन पंखांची बी, वरून सुटली की गरगरत खाली येते. मेच्या शेवटाला हे झाड भिंगऱ्यांचा नुसता पूर सोडतं. पन्हळीत रुजतात, कुंड्यांत रुजतात, मोटारीच्या काचेखाली रुजतात.

ड्वेनने माझ्याकडे पाहिलं. "वादळांचे दिवस आहेत."

"भिंगऱ्या पडून जाऊ देत," हार्लन पुन्हा म्हणाला आणि आत गेला.

मी चिडले. चिडणार नाही तर काय! माझ्या डोक्यावर पोकळ झाड, आणि याला बियांची पडली आहे. मर्ल म्हणाला, रोपं करायची असतील त्याला. मी लगेच जुना कॉफीचा डबा घेऊन गेले.

"हे घे. यात भर हव्या तेवढ्या. पण ड्वेनला बोलाव."

"रोपं नकोत मला."

"मग काय हवंय?"

"काही नाही."

"अरे, पण मग थांबायचं कशासाठी? माझ्या ओट्यावर झाड पडायची वाट बघतोयस?"

त्याने डबा माझ्या हातात परत दिला. "तुम्ही दोघं तुझ्या बहिणीकडे जाऊन राहा थोडे दिवस," म्हणाला. रागाने नाही, समजुतीनेही नाही. हवामान सांगितल्यासारखं.

मी कशाला जातेय! स्वयंपाक पुढच्या खोलीत इलेक्ट्रिक शेगडीवर करायला लागले आणि प्रत्येक भांडं आपटलं.

मग भिंगऱ्या सुटल्या. सकाळी उठून पाहते तर त्याची ओसरी, पायऱ्या, रस्ता, सगळं पिवळट झालेलं. हार्लन ओसरीवर खुर्ची टाकून बसलेला. टोपीवर भिंगऱ्या, मांडीवर भिंगऱ्या. झाडत नाही, उठत नाही. लव्हॉनचा झाडू दाराला टेकवून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी तसंच. मला वाटलं, झाडाचा निरोप घेतोय. घे बाबा.

तिसऱ्या सकाळी मी माझं पायपुसणं झटकायला बाहेर गेले आणि नीट पाहिलं. खुर्ची झाडाकडे तोंड करून नव्हती. झाड त्याच्या पाठीशी होतं. तो घराच्या दाराकडे बघत बसला होता. जाळीच्या दाराकडे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी पायपुसणं तिथेच टाकलं.

दरवर्षी, भिंगऱ्या पडायला लागल्या की लव्हॉन ते जाळीचं दार धाडकन उघडून, झाडू उगारून बाहेर यायची. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "हार्लन टोलेफसन! बाहेर ये आणि तुझ्या झाडाची पिलावळ उचल!" चादरींत भिंगऱ्या, कुंड्यांत भिंगऱ्या, तिच्या केसांत भिंगऱ्या. आणि हा गडी कुठूनतरी म्हणायचा, "पडू दे. उद्या परत पडणारच आहेत." त्यावर ती, "मग उद्या परत ओरडेन!" आणि ओरडायची. भिंगऱ्या संपेपर्यंत रोज. आम्ही खिडक्यांतून हसायचो. बोलका माणूस नव्हताच तो. वर्षाचं त्या दोघांचं सगळं बोलणं तेवढ्या दिवसांत व्हायचं असं मर्ल म्हणायचा.

मी त्याच्या मागच्या दाराने आत शिरले. स्वयंपाकघर स्वच्छ, थंड. भिंतीवरचा कागद कोपऱ्यात सुटलेला. मी सरळ पुढे गेले, जाळीचं दार पायाने धाडकन उघडलं, झाडू उचलला आणि ओरडले. मला आवाज आहे, देवाने तेवढं दिलंय.

"हार्लन टोलेफसन! ऊठ आणि तुझ्या झाडाची पिलावळ उचल! शरम नाही वाटत? घर आहे का नदीचा काठ?"

समोरच्या घराची खिडकी उघडली. हार्लन माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, चुकलं माझं, आता हा उठून आत जाईल आणि आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही.

त्याचा जबडा हलला. आवाज न वापरून गंजलेला.

"पडू दे," म्हणाला. "उद्या परत पडणारच आहेत."

"मग उद्या परत ओरडेन!" मी म्हटलं, आणि तिथे माझा आवाज फुटला. झाडू टाकून मी मागच्या दाराने पळाले, घरी येऊन पुढच्या खोलीतल्या शेगडीसमोर बसले, आणि पहिल्यांदा लव्हॉनसाठी रडले. मर्ल आला, बघितलं, आणि शहाण्यासारखा परत गेला.

दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी. एकदा दुपारी पानं सगळी उलटी झाली, आकाश मोठ्या वादळाआधी पडतं तसं हिरवं पडलं, मर्ल तळघरात चल म्हणून ओढत होता. वारा आला, एक फुटवा मोडून माझ्या कुंपणावर पडला, बाकी झाड उभं राहिलं. सकाळी मी जाऊन ओरडले त्यात कुंपणही घातलं. हार्लन म्हणाला, "ते कुंपण तसंही कुरूप होतं." ते लव्हॉनचं बोलणं होतं. पण तोंड तसंच, दगडाचं.

मग भिंगऱ्या विरळ झाल्या. एका सकाळी मी जाळीचं दार उघडलं तर ओसरी स्वच्छ होती. पायऱ्या स्वच्छ. हार्लन उभा होता, टोपी हातात घेऊन.

"आज नाही पडल्या, इडेला," तो म्हणाला. "ड्वेनला फोन केलाय. येतोय."

मी झाडू धरून उभी. ओरडायचं कशावर? त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना, तिथे काहीच नव्हतं. मी खाली पाहिलं, कुंडीत पाहिलं, खुर्चीखाली वाकून पाहिलं. वेड्यासारखी शोधत होते. तोही बघत राहिला मी काय करतेय ते. मग दिसली. त्याच्या शर्टच्या कॉलरमागे, मानेपाशी, एक अडकलेली.

मी ती ओढून काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली.

"ही! ही काय आहे मग? हार्लन टोलेफसन, मानेवर झाड उगवेल तुझ्या! उचल तुझी पिलावळ!"

"पडू दे," तो म्हणाला. "उद्या परत..."

पुढे त्याला बोलता आलं नाही. ओसरीच्या पायरीवर बसला आणि मोठ्याने रडला. समोरच्या खिडकीतली बाई आत गेली. ड्वेनचा ट्रक कोपऱ्यावर आला, त्याने आम्हांला पाहिलं, इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिला. मी हार्लनशेजारी पायरीवर बसले. भिंगरी माझ्या हातातच होती.