मलप्पाण्णाचा अंतरपट

आमचे मालक मलप्पा चाळीस वर्षं उदगिरात शिलाई मशीनवर बसलेले. गावातल्या अर्ध्या लग्नांचे अंतरपट त्यांच्या हातचे. नवरा-नवरीमधी धरायचं ते पांढरं कापड, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. आमच्या पोटच्या पोरीचा, शिवानीचाबी शिवला, पण तिनं ख्रिस्ती मास्तरशी लग्न ठरवलं तसा ट्रंकेत कोंबला. सात वर्षं तिचं तोंड बघितलं न्हाई. दगडाला पाझर फुटंल, यांना न्हाई!

शेवटी मीच डाव टाकला. शिवानीच्या चर्चच्या पास्टरला म्हणलं, कायतरी काम काढा आन् यांना तिकडं न्या. पास्टर दुकानात आले. "गुड फ्रायडेला अंतरपट पाहिजे."

मालकांनी घरातनं ट्रंक आणली, पोरीचा अंतरपट त्यांच्यापुढं टाकला. "घ्या. पडूनच हाय."

पास्टरनी कापड ठेवून घेतलं, पण हसले. "हा न्हाई, मलप्पाण्णा. यरुशलेमच्या जुन्या मंदिरात होता तसा. निळा, जांभळा, किरमिजी, छतापासून जमिनीपर्यंत. त्याच्यामागं परमपवित्रस्थान, तुमचा गाभारा समजा. वर्षातनं एकदाच, एकटा मुख्य याजक, म्हंजे पुजारी, आत जायचा."

"आत मूर्ती?"

"मूर्ती कधीच न्हाई. आधी देवानं लोकांशी केलेल्या कराराची पेटी होती. ती गेल्यावर आत रिकामं. काहीच न्हाई."

"रिकाम्याला एवढा पडदा?"

"देवाला माणसांत राहायचं होतं, आन् माणसाला त्याचं तेज सोसत नव्हतं. म्हणून मधी कापड."

मालकांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. "आमचा देव तर छातीवरच असतो," म्हणले. त्या दिवसापासनं माणूस तंद्रीत. पाय मशीनवर, डोळे भलतीकडं, जेवताना भाकरी हातातच. निळं कापड दुकानभर पसरलेलं, दुपारचं ऊन त्यातनं यायचं आन् यांचं तोंड निळं दिसायचं.

"शिवकांते, आत काहीच न्हाई, तरी माणूस वर्षभर वाट बघायचा बघ," एकदा असंच बोलले.

"मी सात वर्षं वाट बघतीय," म्हणलं. ऐकलं का न्हाई, देव जाणे.

येशूनं प्राण सोडला तवा तो पडदा वरनं खाली फाटला, म्हणून आपलाबी फाडायचा, हे कळल्यावर मात्र उसळले. "फाडायला शिवू का?" मग दोन भाग करून मधोमध नुसता कच्चा टाका घातला, दोरा ओढला की पडदा दोन.

गुड फ्रायडेला चर्चमधी दोरा ओढायला तेच गेले. दुसऱ्याला टाका कळत न्हाई म्हणे! पडद्यामागं शिवानी उभी होती. मला ठाऊक, यांना न्हाई. दोरा सुटत गेला, पडदा हळूहळू दोन्हीकडं सरकला. समोर पोरगी, खांद्यावर तोच पांढरा अंतरपट, कुंकू फिकं झालेलं.

मालक हलेनात. आता माघारी फिरत्यात, मला वाटलं.

त्यांनी पास्टरकडं बघितलं. "आत काहीच न्हाई म्हणले होते की हो तुम्ही."

आन् पायातल्या वहाणा काढून आत गेले.