ख्वाजा मिस्त्रीची सळई

उचगावच्या फाट्यावर ख्वाजा मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि एक सळई. हातभर लांब, टोकाला लाकडी मूठ बसवलेली. ट्रक आला की ख्वाजा इंजिन चालू ठेवायला सांगायचा, सळईचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ उजव्या कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. भोवतीची माणसं गप्प व्हायची. मग सळई बंपरवर एकदा आपटून तो निकाल सांगायचा. "पंप." "हेड." बस्स, एखाद-दुसरा शब्द. वीस वर्षांत त्याला कुणी उलटून विचारलं नव्हतं, आणि विचारलेलं त्याला खपलंही नसतं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला चार लोक मान देतात, तेव्हा तो मान तो जिवापाड जपतो. त्यात त्याचं काय चुकलं?

१९७७ सालच्या गुळाच्या हंगामात आण्णांचा ट्रक ठोके देतच फाट्यावर आला. आण्णा गुळाचे व्यापारी. ट्रकवर अकरा वर्षं कागलचा जोतीराम ड्रायव्हर. ख्वाजानं सळई लावली. धप्‌, धप्‌. त्यानं बंपरवर सळई आपटली.

"खालचं बेअरिंग. तेल कमी असताना पळवलीय गाडी."

"न्हाय ओ मिस्त्री," जोतीराम पुढे आला. "रोज सकाळी तेल बघूनच चावी मारतो मी. परत एकदा ऐका की."

"ख्वाजा दोनदा ऐकत न्हाय."

आण्णांनी हात पसरला. "चावी दे. उद्यापास्नं येऊ नगंस."

चहाच्या टपरीवरची सगळी माणसं बघत होती. जोतीरामनं चावी दिली, केबिनमधला टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी ख्वाजानं खड्ड्यात उतरून तेलाचं चेंबर खोललं. एकाही बेअरिंगवर साधा ओरखडा नव्हता. त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. नवी बेअरिंगं बसवून गप्प राहिलं असतं, तर कुणाला कळणार होतं? खड्ड्यात बसून हा विचार त्यानं केला. करणारच. चूक झाकायची वाट सगळ्यांत आधी दिसते.

त्यानं चेंबर बसवलं, तेल भरलं, इंजिन चालू केलं. सळई लावली. तेच, धप्‌, धप्‌.

इतक्यात बायकोनं खांद्याला हात लावला, तसा तो दचकला. खतिजा भाकरी घेऊन आली होती.

"तीनदा हाक मारली. हल्ली सायकलची घंटीबी ऐकू येत न्हाय तुमास्नी."

सहा महिने ती हेच म्हणत होती, आणि सहा महिने तो तिला "तू हळू बोलतीस" म्हणून गप्प करत होता. आज मात्र त्यानं सळई तिच्यापुढे धरली.

"हिकडं ये. ह्याला कान लाव."

"मी? लोक बघत्यात की!"

"बघू देत."

पदर सावरून खतिजानं मूठ कानाला लावली. सळई खाली टेकवली, मग वर, मग थोडी बाजूला. "खाली काय न्हाय. वरनं येतंय. टण्‌ टण्‌. तव्यावर उलथनं आपटल्यागत." तिनं बोट ठेवलं ते डिझेल फवारणाऱ्या तिसऱ्या नोझलपाशी.

ख्वाजानं पुन्हा ऐकलं. त्याला टण्‌ नव्हतंच. फक्त धप्‌.

तिसऱ्या जागेचं नोझल त्यानं पाचव्या जागी बसवलं, पाचवं तिसऱ्या जागी. इंजिन चालू केलं. खतिजा सळई सरकवत गेली. "आता मागं गेलं."

नोझलबरोबर आवाजही गेला होता. म्हणजे बेअरिंग चांगलं, तेल पुरेसं आणि जोतीराम खरा. ट्रकांनी वीस वर्षांत त्याच्या कानातले बारीक आवाज खाऊन टाकले होते, जाड तेवढे शिल्लक ठेवले होते.

खराब नोझल काढून तो कोल्हापुरातनं नवं घेऊन आला. संध्याकाळी आण्णा आले. बेअरिंग चांगलं असल्याचं ऐकून खूश झाले. "बेस झालं! थोडक्यात निभावलं."

"मग जोतीरामला बोलवा."

"ऱ्हाऊ दे. ड्रायव्हरांना आठवड्याची सुट्टी पायजे म्हणून मान्सं गोळा करत होता. मी कारणच बघत होतो मिस्त्री, ते तुमी दिलं."

ख्वाजाचं डोकं सटकलं. "म्हंजे माझ्या तोंडानं काढलासा त्येला?" नवं नोझल त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकलं. "ही गाडी जोतीरामच न्हेणार. तोवर हे हितंच."

"दुसरा मिस्त्री बघीन," म्हणत आण्णांनी ट्रकची चावी काढून घेतली.

"बघा की. हंगामात मोकळा मिस्त्री घावला तर मलाबी दावा."

सकाळच्या एस.टी.नं तो कागलला गेला. जोतीराम दारात दाढी करत बसला होता. ख्वाजा उभ्यानंच म्हणाला, "चूक माझी झाली. कान गेलाय माझा."

जोतीरामनं पातं पुसलं. "हे हितं काय सांगतासा? अब्रू तिथं गेली माझी. चार मान्सांत बोललासा, चार मान्सांतच सांगा."

परत येताना दोघं एका बाकावर बसले. चार माणसांत सांगायचं म्हणजे काय, ते ख्वाजाला पुरतं कळत होतं. बहिऱ्या मिस्त्रीकडे ट्रक कोण आणणार?

फाट्यावर उतरल्यावर त्यानं सळई घेतली आणि आण्णांच्या ट्रकच्या बंपरवर आपटली. टपरीवरच्या माना वळल्या. आण्णाही आलेले होते.

"परवाचा निकाल चुकला. जोतीरामनं इंजिन मोडलं न्हाय. माझा कान मोडलाय."

"मग आता इंजिनाला लाउडस्पीकर लावायचा व्हय, मिस्त्री?" टपरीवाला गुंडू म्हणाला. हशा पिकला. एरवी पाना फेकून मारला असता. आज ख्वाजा नोझल बसवत राहिला.

गोदामात तीन दिवस गूळ पडून होता. आण्णांनी खिशातून चावी काढून जोतीरामला दिली. "सुट्टीचं मातूर बोलायचं न्हाय."

"ते रविवारी बोलू," म्हणत जोतीराम केबिनमध्ये चढला.

इंजिन चालू झालं. ख्वाजानं सगळ्यांदेखत सळई खतिजाच्या हातात दिली. तिनं ऐकलं, मान हलवली, आणि पुन्हा एकदा ऐकलं.

"दोनदा कशाला, वैनी?" गुंडूनं विचारलं.

"हितनं पुढं दोनदाच," ख्वाजा म्हणाला.

त्या हंगामात निम्म्या गाड्या पुढच्या गॅरेजला गेल्या. ज्या आल्या, त्यांचे ड्रायव्हर खाली उतरायच्या आधी विचारायचे, "वैनी हायत न्हवं?"