आबाजींच्या डाव्या चपला

आमच्या आबाजीकाकांबरोबर चपला घ्यायला कुणी जाऊ नये. मी पुतण्या, त्यात टेंपो माझा, म्हणून दर खेपेला मीच सापडतो. चौक गावच्या दुकानात दुकानदार जोड काढतो, काका उजवी तेवढी उचलतात आणि विचारतात, "दुसरीचं मी काय करू रं? पूजा?" दुकानदार म्हणतो, उरलेली मी कुणाच्या गळ्यात मारू? अर्धा तास हुज्जत होते, आणि शेवटी जोड घेऊनच आम्ही लोधिवलीला परत येतो.

काकांना डावा पाय नाही. फौजेत असताना सुरुंगात गेला, त्याला सव्वीस वर्षं झाली. सरकारनं दिलेला पाय चावतो म्हणून तो दाराआड उभा असतो आणि काका कुबडीवर गावभर फिरतात. डाव्या चपला कोऱ्याच्या कोऱ्या राहतात. चंद्राकाकी त्या टाकू देत नाहीत. "नवी वस्तू उकिरड्यावर? लक्ष्मी हाय ती," म्हणत माळ्यावर चढवतात. माळा झाडायला मला बोलावतात, आणि ती लक्ष्मी माझ्याच डोक्यावर कोसळते.

यंदा ललितावहिनींच्या महिला मंडळानं ठरवलं, पुण्याकडच्या लष्करी इस्पितळात जखमी जवानांना वापरायच्या वस्तू पाठवायच्या. इस्पितळानं यादीही कळवली होती: पुढून उघडणारे शर्ट, ढिले पायजमे, दाढीचं सामान, चपला. पण यादी वाचतो कोण? लग्नात मानाचे मिळालेले टॉवेल-टोप्या आमच्याकडं घरोघरी थप्पीनं असतात. या लग्नातून त्या लग्नात फिरतात, अंग कुणी पुसत नाही. ते सगळं माझ्या टेंपोत येऊन पडलं. माझं डोकंच फिरलं. हाताला प्लास्टर असलेल्या माणसानं टोपी घालून काय करायचं, वरातीत नाचायचं?

तेवढ्यात काका पोतं ओढत आले. आत चौदा चपला, सगळ्या डाव्या. उंदरांनी कुरतडलेल्या आणि रबर कडक झालेल्या त्यांनी आधीच बाजूला काढल्या होत्या.

ललितावहिनींनी पोतं खाली उतरवलं. "आबा, सुटी चप्पल आमी गाडीच्या मागं बांधतो, नजर लागू नये म्हनून. ती जवानांना द्यायची? शोभतं का?"

"तिथं सात महिने मी पडलेलो, तू नाय," काका म्हणाले. "तवा कुनीतरी चपलांचे जोड वाटलेले. मी उजवी पायात घातली नि रातदिस खाटेखालची डावी बघत बसलो. उजवा पाय गेलेल्या पोराला ती दुसरी बघायला लावू नको."

तरी वहिनींनी पोतं काही उचललं नाही. मग काका टॉवेलांच्या ढिगावर चढून बसले. पोतं चढल्याशिवाय उतरायचे नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी पोतं वर फेकलं आणि टेंपो हाणला. घाटभर पुढं शेजारी बसून त्यांनी मला गाडी चालवायला शिकवलं.

इस्पितळात परवानगी मिळाली तेव्हा मी त्यांना बजावलं, जपून बोला. कसलं काय! पहिल्याच खोलीत त्यांनी पोतं जमिनीवर पालथं केलं. "उजवा कुनाचा गेलाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीजवळच्या खाटेवरून एका पोरानं हात वर केला. भोरकडचा रूपेश, वय चोवीस. काका त्याच्यासमोर बसले आणि एकेक चप्पल त्याच्या पायात घालून बघू लागले.

"टाच भाईर येत नाय ना? लाजू नको, सांग."

"बसली, आबा." त्यानं काकांच्या एकुलत्या पायाकडं पाहिलं. "तुमचाबी नऊ नंबर दिसतोय. घरी माझे दोन जोड आहेत. उजव्या तुम्हाला पाठवतो."

काकांचे डोळे भरले. ते लपवायला त्यांनी टॉवेलांवरून मलाच झापलं.

परवा पुन्हा चौकच्या दुकानात गेलो. दुकानदारानं जोड काढला आणि मी आता अर्धा तास गेला म्हणून कपाळाला हात लावला. काकांनी फोन काढला.

"रूपेश, काळी घेऊ का तपकिरी? लवकर बोल रं, आपला जोड घ्यायचा हाय."