गिरणीवरच्या खोलीतली सात नावं

सकाळी सातला फोन आला नाही, तेव्हाच मला कळलं. साडेसातला आला तो सॅम्युएलदादाच्या लेकीचा, रूथचा. ती काही बोलायच्या आत मी म्हटलं, "कधी?" ... दीड महिना झाला त्याला. अजून सातच्या सुमाराला मी चहाचा कप खाली ठेवते आणि फोनकडे बघते.

सॅम्युएल माझा सख्खा भाऊ नव्हे. चाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही लुथरन पंथाची सात ख्रिस्ती माणसं नोकरीपायी चंद्रपूरकडून पुण्यात आलो, त्यांतला तो एक. वाघोलीत पिठाच्या गिरणीवरची खोली उपासनेला त्यानेच मिळवली. गिरणीमालक शनिवार पेठेतले. "अहो, तासाभरात आटपणार असेल तर या. अकराच्या ठोक्याला गिरणी सुरू होईल, मग तुमचं तुम्हालाही ऐकू येणार नाही," असं त्यांनी सांगून टाकलं, आणि तरी दर रविवारी तासभर गिरणी बंद ठेवली. आमच्या गीतांच्या पुस्तकांवर कायम पीठ असायचं. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा येत, एरवी सगळं दादा बघायचा.

उपासना-वर्षाच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता, त्या वर्षात वारलेल्यांची नावं वाचायची आणि दर नावाला घंटा वाजवायची अशी आमच्यात रीत आहे. पहिल्या वर्षी पाळकांना येणं जमलं नाही. त्यांनी चिठ्ठी पाठवली, 'मंडळीतली नावं वाचावीत, दर नावाला एक घंटा.' आमच्यात तोवर कुणी वारलंच नव्हतं. दादाने चिठ्ठी शब्दशः घेतली आणि आमचीच नावं कागदावर उतरवून वाचली! सातही, जिवंत, समोर बसलेल्या माणसांची. आदबीने स्वतःचं शेवटी, त्याच्या आधी माझं. घंटा थांबली तशा आमच्यात सगळ्यांत वडील असलेल्या मार्थाबाई म्हणाल्या, "काहून रे बाबू, जित्तेपणीच घंटा वाजवली का आमच्यावर?" आम्ही पोट धरधरून हसलो.

पुढच्या वर्षी मार्थाबाई गेल्या. यादीत पहिलं नाव त्यांचं होतं, पण वय झालं होतं, कुणाला काही वाटलं नाही. दुसरा ऐन पस्तिशीत तापाने गेला. मग तिसरा, मग चौथी... मध्ये वर्षंच्या वर्षं गेली, पण क्रम चुकला नाही. मी नर्स. असल्या गोष्टी मनावर घेतल्या तर वॉर्डात उभं राहता येत नाही. पण पाचवं नाव माझ्या नवऱ्याचं होतं. प्रभाकरला माती दिली त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकाशी दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आता सहावी मी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून सातचा फोन सुरू झाला.

"आहेस ना?"

"आहे."

बस्स, एवढंच, नऊ वर्षं. एकदा मी तडकले, "दादा, जायची वेळ आली की मीच कळवीन तुला!" तो म्हणाला, "चूक माझी आहे, सुशीले. मलाच निस्तरू दे."

ते कसं, ते गेल्या आठवड्यात समजलं. रूथने त्याचं गीतांचं पुस्तक मला आणून दिलं. आत ती यादी, घडीत अजून पीठ. पाच नावांपुढे बारीक क्रूस. सहाव्या जागी माझं नाव खोडून त्याच सुबक अक्षरात त्याने स्वतःचं लिहिलं होतं, आणि माझं खाली सातवं. बाजूला तारीख होती, प्रभाकरला माती दिली त्या दिवसाची. मी खूप रडले, आणि चिडलेही. मोठा आला देवाची यादी दुरुस्त करणारा! नऊ वर्षं हा माणूस रोज सकाळी मी आहे की नाही विचारत होता, आणि स्वतः माझ्या जागेवर उभा होता.

मंडळीची आता स्वतःची इमारत आहे, माईक आहे. घंटा मात्र तीच. यंदा नावं वाचायच्या त्या शेवटच्या रविवारी त्याचं नाव मी वाचायचं असं सगळ्यांनी ठरवलं आहे. वाचीन. त्यानंतर त्या कागदावर एकच नाव उरेल, आणि ते खोडून कुठे लिहायला खाली जागा नाही.

सात वाजले की मी अजूनही "आहे" म्हणते. हल्ली जरा हळूच म्हणते... दादा सोडून वर दुसऱ्या कुणाला ऐकू जायला नको.