नरसाळ्यातली धडधड

बारामतीला दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, असा निरोप आला तेव्हा मला वाटलं, पुन्हा वजनकाटा आणि उंचीची पट्टी. लासुर्ण्याच्या अंगणवाडीत मी वीस वर्षं तेच करत आले आहे. मुलांची वजनं करायची, ती फोनमध्ये भरायची, वजन कमी निघालं की आईला बोलावून समजावायचं. पण या वेळी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘हृदय’ असं लिहिलेलं होतं. मी शेजारच्या बाईला हळूच म्हटलं, “आपली पोरं तीन-चार वर्षांची. त्यांना कसला आलाय हार्टचा त्रास?”

शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या होत्या. हसून म्हणाल्या, “त्रास नंतर होतो ताई, सवयी आत्ता लागतात.” मी स्वतः दोन वर्षांपासून रोज सकाळी बीपीची गोळी घेत होते.

दोन दिवसांत त्यांनी आम्हाला पळायला लावलं, उड्या मारायला लावल्या, खेळ शिकवले. मुलांना घाबरवायचं नाही आणि कुणाला जाडा म्हणायचं नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगितलं. एसटीनं परत येताना मी ठरवून टाकलं, पहिल्यांदा पुड्या बंद करायच्या.

पुड्या म्हणजे त्या खारट, तिखट, नारंगी रंगाच्या कुरकुरीत नळ्यांच्या. आमच्या अंगणवाडीसमोर रस्त्यापलीकडं एक दुकान आहे. दुकानदार साठी ओलांडलेले, सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. मुलं आईचं बोट धरून येत, चाचांच्या दुकानावर लोंबणारी एक पुडी तोडून घेत आणि ती खातच आत शिरत. मग दुपारची खिचडी ताटात तशीच राही.

मी जाहीर केलं, “उद्यापासून आत पुडी आणायची न्हाय.” दुसऱ्या दिवशी एकाही मुलाच्या हातात पुडी नव्हती. तोंडं मात्र सगळ्यांची नारंगी होती. सगळे दाराबाहेर उभे राहून खाऊन आले होते. आमच्या मदतनीस बाई हसून हसून खाली बसल्या.

मग मी चाचांकडं गेले. ते स्टुलावर बसून ऊसतोडीच्या टोळीतल्या कुणाला तरी चहापत्ती देत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, मी न्हाय दिली तर पोरं फाट्यावर जातील. आन् लहान हायत, खातील की थोडं.”

“तुमची नातपण खाते, चाचा.”

“ती तर दुकानातच वाढलीय,” ते कौतुकानं म्हणाले.

ही नात साडेचार वर्षांची. सगळ्यांचं ऐकून तीही आजोबांना चाचाच म्हणायची. अंगणवाडीत येऊन तिला दोन महिने झाले होते, पण ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. भिंतीला टेकून बसायची आणि ओढणीच्या तुकड्याशी खेळायची.

प्रशिक्षणात शिकवलेली एक वस्तू मी घरी करून पाहिली होती. ठिबक सिंचनाच्या नळीचा हातभर तुकडा घ्यायचा आणि दोन्ही टोकांना एकेक नरसाळं बसवायचं. एक नरसाळं छातीवर, दुसरं कानाला. मुलांना गोलात बसवून मी प्रत्येकाला शेजाऱ्याची धडधड ऐकायला दिली. कुणी हसलं, कुणी नरसाळ्यात फुंकर मारली. या मुलीची पाळी आली. तिनं शेजारणीच्या छातीला नरसाळं लावलं, डोळे मोठे केले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “आत कोण हाय?”

दोन महिन्यांतले तिचे हे पहिले शब्द. मला इतका आनंद झाला की उत्तर द्यायचंच राहिलं. मग सांगितलं, आत हृदय असतं, तुझ्या मुठीएवढं. ते झोपेतसुद्धा काम करतं. त्याला पळायला, खेळायला, पेरू, गाजर, मटकीची उसळ आवडते. रोज रोज खारट खाल्लं तर ते दमतं. मग सगळ्यांना कालव्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पळवून आणलं आणि पुन्हा ऐकायला लावलं.

“बाई, तेपण पळालं!” ती ओरडली.

त्या दिवसापासून तिचं तोंड थांबेना. आठवड्याभरात चाचा स्वतःच रस्ता ओलांडून आले. “काय शिकवलंय हिला? गिऱ्हाईकाचं पोरगं पुडी मागाय लागलं की ही आडवी येती. ‘तुझ्या आतलं दमंल’ म्हणती. माझीच नात माझं दुकान बंद करती का काय?” रागावलेले होते, पण मिशीत हसूही होतं. मी त्यांना चहा दिला.

खरी परीक्षा माझीच व्हायची होती. मुलांच्या खिचडीत आम्ही मीठ बेताचंच घालतो. मला ती अळणी लागते, म्हणून पर्समध्ये कागदाची एक पुडी असायची, मिठाची. रोज आपल्या ताटात चिमूटभर टाकायची, बोटानं कालवायची. त्या दिवशी ती मुलगी समोरच बसली होती. माझा हात धरून सगळ्यांसमोर म्हणाली, “बाई, तुमच्या आतलं दमंल.”

मुलं माझ्याकडं बघायला लागली. मला कानकोंडं झालं आणि माझ्या तोंडून निघालं, “मोठ्या माणसांना चालतं. तू तुझं जेव.” आवाजही चढला होता.

तिनं हात काढून घेतला. जेवली, ताट ठेवलं आणि भिंतीपाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तसंच. गाणं नाही, पळणं नाही. मदतनीस बाई म्हणाल्या, “अवो, दोन महिन्यानं बोलाया लागलं हुतं लेकरू.” मला घरी भाकरी गोड लागली नाही. खोटं बोलले होते मी. मोठ्यांना चालत नाही, हे रोज बीपीची गोळी घेणाऱ्या माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिसऱ्या दिवशी जेवणाआधी मी मुलांपुढं उभी राहिले. म्हटलं, “परवा बाई चुकल्या. मोठ्यांनापण चालत न्हाय.” आणि मिठाची पुडी तिच्या हातात दिली. तिनं ती नीट तपासली, बाहेर गेली आणि कडुलिंबाच्या बुंध्याशी रिकामी केली. परत येऊन माझ्या शेजारी जेवायला बसली. खिचडी भयंकर अळणी लागली. आज तीन वर्षांनी ती चांगली लागते.

संध्याकाळी चाचा आले. “पोरगी सांगत हुती, बाईंनी माफी मागितली म्हणून. खरं हाय?”

“व्हय, खरं हाय.”

त्यांनी रस्त्यापलीकडं दुकानावर लोंबणाऱ्या पुड्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, “बरं. अंगणवाडी सुटस्तवर पुड्या न्हाय लावायच्या पुढं. तेवढं जमंल मला.”

आणि त्यांनी ते पाळलं. सकाळी दुकानाच्या पुढं फुटाण्याची आणि भाजलेल्या शेंगदाण्याची बरणी दिसू लागली. दुपारनंतर पुड्या पुन्हा लोंबत. वाढदिवस, जत्रा, पाहुणे, तेव्हा मुलं खातातच. एका आजीनं मला रस्त्यात गाठून सुनावलंही, की तुमच्यामुळं नातू पापडाला हात लावत नाही. पण खिचडीची ताटं आता रिकामी होतात. पेरूच्या बागेवर कामाला जाणारी एक आई आठवड्याला पिशवीभर पेरू आणून देते, आणि ते कापेपर्यंत मुलांना दम धरवत नाही.

गेल्या हिवाळ्यात पालकांचा मेळावा घेतला. मुलांनी हट्ट धरला, आयांनीपण पळायचं. पदर खोचून पंधरा-वीस जणी कालव्याकडेच्या जागेत उभ्या राहिल्या. चाचांनी शिट्टी वाजवली. मी शेवटून दुसरी आले आणि माझ्यामागं मदतनीस बाई, हसण्यामुळं पळताच न आलेल्या. पोरं टाळ्या वाजवून नाचत होती, आणि त्या गर्दीत सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती ती चाचांची नात. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे, तरी त्या दिवशी खास आली होती.