पाच पेडांची वेणी

आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला दीड वर्ष झालं. त्याआधी आमच्या जोहे गावात लग्न असलं की नवरीची वेणी तिनेच घालायची. पाच पेड, त्यांत अबोली गुंफलेली, आणि घट्ट इतकी की वरातीत नाचूनही सैल पडत नसे.

पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाताला सवयीचं काम द्या. मी रोह्याला कंपनीत. दर रविवारी घरी जायची आणि केस सोडून पडवीच्या पायरीवर तिच्याकडे पाठ करून बसायची. डाव्या हाताने ती पेड बरोबर वेगळे करी. उजव्या हातात दिलेला मात्र बोटांतून सुटून जाई. पाच पेडांवरून आम्ही तीनवर आलो, मग नुसत्या विंचरण्यावर.

वैशाखात शेजारच्या मुलीचं लग्न निघालं. माझी वेणी काकूच घालणार, असं ती लहानपणापासून म्हणायची. लग्नाच्या सकाळी ती खरंच आली. आईने नको म्हणावं म्हणून मी डोळ्यांनी खुणावलं. आई व्हय म्हणाली.

तासभर ती मुलगी मान न हलवता बसली. मी पेड धरून देत होते, आईच्या कपाळावर घाम. कशीबशी वेणी झाली. मुलगी पाया पडायला वाकली आणि वेणी निम्म्यापर्यंत उलगडली. तिने ती मागे हाताने धरली, छान झाली म्हणाली, आणि तशीच धरून घरी गेली. मांडवात आली ती पार्लरवालीकडून केस करून. तिचं काही चुकलं नव्हतं.

लग्नाहून परतल्यावर आई पडवीत टेकली. मग म्हणाली, "केस काप गो तुझे."

का म्हणून मी विचारलं.

"दर रविवारी पुढ्यात येऊन बसतेस. मला नाय बघवत."

डॉक्टरांचं सांगणं मी पुन्हा सांगून पाहिलं. तिने तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी पेणला उतरून मी मानेपर्यंत केस कापले. घरी येऊन पायरीवर बसले. आईने डावा हात माझ्या मानेवरून दोनदा फिरवला आणि मांडीत ठेवला. उजवा तिने हलवूनही पाहिला नाही.

अजून दर रविवारी जाते. डॉक्टरांकडे जाणं आम्ही सोडलं आहे. चल म्हणायला मलाच तोंड नाही.