उसवता न येणारा गाऊन

माझ्या धाकट्या आत्याने आयुष्यात फक्त तिच्या ताईचं ऐकलं, आणि तेही कुरकुरतच. दोघींनी मिळून अडतीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवलं. मोठी कापड बेतायची, धाकटी शिवायची, आणि शिवून झालं की मोठी ते उलटं करून तपासायची. एखादा टाका खटकला तर तोंडातून ब्र काढायची नाही. नखाने दोरा उचलायची, सर्रकन अख्खी शिवण उसवायची आणि कापड धाकटीच्या पुढ्यात टाकायची. लग्न दोघींनीही केलं नाही. "हिच्या तावडीतून सुटायला सवड मिळाली असती तर केलं असतं," असं आत्या म्हणते.

आता मोठी आत्या गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका शुश्रूषा केंद्रात असते. ती कुणाला ओळखत नाही, धाकट्या बहिणीलाही नाही. हात मात्र तिला स्वस्थ बसू देत नाहीत. चादरी, पडदे, शेजारणींचे गाऊन, जे सापडेल ते ती उसवते. मागच्या महिन्यात मेट्रनबाई तिचा ताप बघत होत्या, तेवढ्यात तिने त्यांच्या एप्रनचा खिसा काढून त्यांच्याच हातात दिला. मेट्रनबाईंना हसू आलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, की सोमवारपासून आजींच्या हातांना जाड कापडी पिशव्या घालाव्या लागतील, मनगटाशी बांधून.

आत्याने फोन ठेवला आणि ती तडक मशीनवर जाऊन बसली. "ताई चूक दिसली तरच उसवते," ती मला म्हणाली. "चूकच नसली तर काय उसवेल, कपाळ?" चार दिवस खपून तिने एक गाऊन शिवला. प्रत्येक शिवणीवर दुहेरी बारीक टीप, प्रत्येक टोकाला गाठ, आणि गाठ आतल्या दुमडीत लपवलेली. मी म्हटलं, "आत्या, हा उसवायला पहार लागेल." ती खूश झाली.

सोमवारी मला सुट्टी होती, म्हणून मीही निघाले. दोन बसने जावं लागतं. गाऊनला सुरकुती पडेल म्हणून आत्याने तो पिशवीत घातला नाही; तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन बसली. पुढच्या सीटवरच्या गृहस्थाच्या पाठीवर तिने टकटक केलं आणि सांगितलं, "तुमच्या कोटाची बगल सुटत आलीय." बिचारा उतरेपर्यंत हात अंगाशी घट्ट धरून बसला. दुसऱ्या बसमध्ये मात्र ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हात बांधले तर ती दिवसभर करेल काय गं?"

खोलीत चार खाटा होत्या. मोठी आत्या खिडकीजवळ बसली होती आणि टेबलावर त्या दोन पिशव्या घडी करून ठेवल्या होत्या, नाड्यांसकट. मेट्रनबाई आत्याला म्हणाल्या, "आजी, मला तरी हे बरं वाटतंय का? पण बाकीच्यांचे नातेवाईक रोज तक्रार करतात."

"आजचा दिवस थांबा," आत्या म्हणाली आणि तिने गाऊन बहिणीच्या मांडीवर ठेवला.

मोठ्या आत्याची बोटं लगेच कामाला लागली. गळ्यावरून, बाहीवरून, खालच्या दुमडीवरून फिरली. कुठेच दोरा सापडेना. आत्याचा चेहरा फुलत चालला होता. बोटं पुन्हा पहिल्यापासून फिरली, मग तिसऱ्यांदा. मग मोठ्या आत्याने नख घुसवून ओढलं, ते मोडलं आणि रक्त आलं. ती रडायला लागली, हुंदका नाही की काही नाही, नुसतं पाणी. हातातलं काम कुणीतरी काढून घेतल्यासारखी ती गाऊनकडे बघत होती.

आत्याने घाईने गाऊन स्वतःकडे ओढला. "हे काय केलं मी! पिशव्या परवडल्या. मीच बांधले की हात तिचे!"

मी मोठ्या आत्याच्या बोटाला पट्टी लावेपर्यंत आत्याने पर्समधून छोटी कात्री आणि सुई-दोरा काढला होता. स्वतःच्याच कारागिरीला शिव्या घालत तिने खालची दुमड उसवायला घेतली. तासभर गेला. मग तिने ती दुमड लांब, ढिल्या धावदोऱ्याने पुन्हा घातली, गाठ न मारता, दोऱ्याचं टोक बाहेर ठेवून. असलं काम तिने जन्मात केलं नव्हतं. माझ्यासमोर करताना तिला लाज वाटत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मोठ्या आत्याला टोक सापडलं. सर्रकन दोरा निघाला. तिने कपाळाला आठी घालून गाऊन आत्याच्या पुढ्यात टाकला. आत्याने पुन्हा शिवला, तिने पुन्हा उसवला. दुपारभर हेच चाललं. शेजारणींच्या चादरींकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मेट्रनबाई दोनदा दारात येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पिशव्या उचलून कपाटात टाकल्या.

"पण आजी, तुम्ही येता आठवड्यातून एकदा," त्या म्हणाल्या. "उद्या हिला शिवून कोण देणार? माझ्याकडे माणसं कुठायत?"

अडुसष्ट वर्षांच्या बाईने रोज चार बसचे धक्के खायचे म्हणजे काय चेष्टा आहे? चारची बस गाठायची म्हणून आत्या उठली. तेवढ्यात मोठ्या आत्याने मान वर करून तिला नखशिखांत न्याहाळलं. मला वाटलं, ओळखलं! आत्यालाही वाटलं असणार, कारण ती पटकन वाकली.

"नवीन आहेस का गं?" मोठ्या आत्याने विचारलं.

आत्याने होकारार्थी मान हलवली.

"टाके लांब पडतायत. पण हात बरा आहे. शिकशील." तिने गाऊनची घडी घातली. "उद्या नऊला ये. आमच्याकडे उशीर चालत नाही."

जिला जन्मभर 'ताई' म्हटलं, जिच्याशी रोज उठून भांडण केलं, तिच्यासमोर आत्या हात जुळवून सरळ उभी राहिली.

"हो, बाई," ती म्हणाली.

बसमध्ये ती पोटभर रडली. "अडतीस वर्षांत एकदा तरी म्हणाली का गं ती मला, हात बरा आहे म्हणून?" मग तिने नाक पुसलं, कंडक्टरला हाक मारली आणि विचारलं, नऊच्या आत पोचायचं तर सकाळची पहिली बस किती वाजता सुटते.